आईला सांगा

कांदा उपटून रानात पसरला आणि आभाळ बिघडलं. दरवर्षी या दिवसांत ऊन असं असायचं, की पात वाळून हातात चुरडायची. यंदा सकाळी ढग यायचे, दुपारी दाटायचे आणि संध्याकाळी माणसाची थट्टा करून गेल्यासारखे निघून जायचे. पाऊस पडत नव्हता, पण पडणार नाही असं छातीवर हात ठेवून कुणी सांगायला तयार नव्हतं. भिजलेला कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, वरून लाल दिसतो आणि आतून सडत जातो. मजूर मिळायची सोय नव्हती, कारण सगळ्या गावाचा कांदा एकदमच निघाला होता. म्हणून घरातली जी होती नव्हती ती माणसं रानात होती. थोरला, त्याची बायको थोरली आणि भावजय धाकटी. धाकटा भाऊ टेम्पोवर होता, दूरदूरच्या बाजारांत माल पोचवायचा. घरी कधी यायचा, तर कधी नुसता निरोप यायचा.

घरात मूल एकच, धाकटीची मुलगी. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

त्या दुपारी दोघी जावा समोरासमोर बसून कांदा कापत होत्या. डाव्या हातात पात, उजव्या हातात विळा, कांदा एका बाजूला, पात दुसऱ्या बाजूला. शाळेतल्या नव्या बाई चपला हातात घेऊन बांधावरून चालत आल्या.

"भिंगरीची आई कोण?"

थोरली अर्धी उठली होती. गुडघ्याची माती झटकायला तिचा हातसुद्धा गेला होता. तेवढ्यात मागून धाकटी म्हणाली, "मी."

"अगंबाई, हो का?" बाई थोरलीकडे बघून हसल्या. "तुम्ही रोज सोडायला येता ना शाळेत? मी इतके दिवस तुम्हालाच आई समजत होते. परवा भिंगरीनंच सांगितलं, ही मोठीआई, आई शेतात असते म्हणून."

थोरली आता उठलीच होती, तर रिकामं खाली कसं बसायचं, म्हणून ती पाण्याची कळशी आणायला गेली. कळशी भरलेलीच होती. तिनं ती उगाच एका जागची उचलून दुसऱ्या जागी ठेवली.

बाईंचं म्हणणं असं होतं, की दर शनिवारी सकाळी मुलांच्या आयांनी शाळेत यावं. मुलांजवळ बसावं, आपल्याला काय येतं ते दाखवावं, मूल शाळेत कसं वागतं ते बघावं. नुसत्या बाईंच्या एकटीच्या जिवावर शाळा चालत नाही.

"मी काय येऊ शाळेत?" धाकटी लाजून म्हणाली. "चौथीत सोडली मी शाळा. जाऊबाईंना पाठवते की. त्या सातवी झाल्यात."

"त्याही येतील पुढे," बाई म्हणाल्या. "आधी आयांना बोलावलंय."

जवळच पाट्या वाहणाऱ्या थोरल्यानं कांद्याचं कारण पुढे करून पाहिलं, पण परक्या बाईमाणसासमोर त्याची जीभ नेहमीच जड व्हायची. "जाऊ दे मग तासभर," म्हणाला आणि पाटी उचलून चालायला लागला.

थोरली विळा घेऊन पुन्हा बसली. त्या दिवशी तिच्या बाजूचे कांदे जरा जास्तच खोलवर कापले गेले.

धाकटी या घरात आली तेव्हा अगदी कोवळी पोर होती. बाळंतपणानंतर तिला ताप धरला, दूध आटलं, अंथरुणातून उठता येईना. पोर थोरलीच्या कुशीत आलं. ताप उतरला, धाकटी उभी राहिली, तरी पोर तिथेच राहिलं. असं कुणी ठरवलं नव्हतं. थोरलीची कूस उजवली नव्हती आणि धाकटी रानातल्या कामाला गड्याला भारी होती, तेव्हा घराची कामं आपसूक तशी वाटली गेली. भिंगरीचा पहिला दात थोरलीच्या बोटाला लागला होता. गोवर आला तेव्हा रात्र रात्र थोरली बसली होती. भिंगरी तिच्या शेजारी झोपायची, तिच्या हातून जेवायची, तिच्या गोष्टीशिवाय डोळे मिटायची नाही. गावातली नवखी माणसं थोरलीलाच विचारायची, लेक कितवीला आहे? थोरली सांगायची. कुणाची लेक ते कुणी विचारत नसे आणि तीही आपण होऊन सांगत नसे.

पहिल्या शनिवारी धाकटीनं वासाच्या साबणानं हातपाय धुतले, पाहुण्यांकडे जायचे कपडे घातले आणि लेकीचं बोट धरून निघाली. तास म्हणून गेलेली ती ऊन तापल्यावर परत आली. तोवर थोरलीनं एकटीनं आख्खी ओळ कापत आणली होती.

"जाऊबाई, काय गंमत झाली माहितीये?" धाकटी आल्या आल्या बोलायला लागली. "प्रत्येकीनं आपल्याला येतं ते दाखवायचं होतं. मी म्हटलं, टिकणारा कांदा मान दाबून ओळखायचा. तर एक कार्टं विचारतं, कुणाची मान?" ती खो खो हसली. "बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं."

"आणि मान दाबून बघायला तुला कुणी शिकवलं होतं?"

"तुम्हीच की," धाकटी सरळ मनानं म्हणाली आणि विळा शोधायला लागली.

थोरलीला वाटलं, हिनं थोडी तरी लबाडी करायला हवी होती. म्हणजे भांडता आलं असतं.

पुढच्या शनिवारनंतर घरात 'बाई म्हणाल्या' सुरू झालं. बाई म्हणाल्या, जेवताना मुलांशी बोलावं. बाई म्हणाल्या, दिवसभरात काय झालं ते विचारावं. मग जेवताना मायलेकी बोलत बसायच्या. शाळेत कसला तरी खेळ होता, टाळी, चुटकी, टाळी, आणि मध्येच गप्प. दोघी ताटावरच तो खेळायच्या. थोरलीनं एकदा मध्ये हात घातला, तर तिची टाळी नेमकी गप्प बसायच्या जागी वाजली. भिंगरी लोळून लोळून हसली. धाकटीही हसली. थोरलीनं ताट उचललं.

"जेवण झालं?" थोरल्यानं विचारलं.

"झालं. माझं काय, टाळ्यांनी पोट भरतं."

एका सकाळी वेण्या घालताना भिंगरी कळवळली. "मोठीआई, ओढू नको ना."

"ओढल्याशिवाय बसत नाहीत तुझी झिपरी."

"आई सैल घालते."

"मग जा आईकडे."

थोरली ते मनापासून बोलली नव्हती. पोर मात्र खरंच उठली, एक वेणी घातलेली आणि एक मोकळी अशी, आणि पलीकडच्या खोलीत गेली. कंगव्यात अडकलेले केस थोरली बराच वेळ बोटांनी सोडवत बसली.

तरी शाळेत सोडायला तीच जायची, कारण उजाडताच धाकटी रानात असायची. असंच एकदा शाळेच्या फाटकात बाईंनी तिला गाठलं.

"बरं झालं भेटलात. भिंगरीला लांबचं नीट दिसत नाही असं वाटतंय मला. शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. फळ्यावरचं वाच म्हटलं, की पाठ असलेलं म्हणून दाखवते. हुशार आहे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बाजाराच्या गावी दर बुधवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात, तिथे दाखवून घ्या. आईला सांगा."

"कांद्यानं चुरचुरतात डोळे," थोरली म्हणाली. "दुसरं काही नाही."

"असेलही. पण दाखवा एकदा. आणि आईला सांगा हं."

भिंगरी तिथेच उभी होती, फाटकाच्या गजाला लोंबकळत.

घरी जाताना थोरलीच्या डोक्यात घण बसत होते. आईला सांगा. जशी काही मी पोस्टमन आहे. पण त्याहूनही खोल गेलं ते दुसरंच. जिच्या अंगावरचा तीळ न् तीळ मला पाठ आहे, त्या पोरीला दिसत नाही हे मला कळलं नाही, आणि काल आलेल्या या बाईला कळलं? छे. खोटं असणार. माझ्या लेकराचे डोळे चांगले आहेत. सुईत दोरा एका झटक्यात ओवते ती.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती भिंगरीला घेऊन रानात आली. थोरला चाळीच्या छपरावर चढून पत्रा ठोकत होता. बांधावरच थोरली थांबली.

"भिंगरे, चाळीवर कोण आहे सांग बघू?"

पोरीनं मान तिरकी केली. ठक ठक आवाज येत होता. "मोठेबाबा!"

थोरलीचा जीव भांड्यात पडला. बघा म्हणावं बाईंना. दोघी तिथेच बांधावर टेकल्या. जरा वेळानं ठोकणं थांबलं, थोरला शिडीवरून उतरून चाळीमागे गेला. थोरलीनं सहज, खरंच सहज विचारलं, "आणि आता कोण आहे?"

"मोठेबाबाच की," भिंगरी म्हणाली. "बसलेत."

छपर मोकळं होतं. त्याच्यावर पत्रा होता आणि पत्र्यावर आभाळ.

मग थोरलीला एकेक आठवायला लागलं. ताटात नाक घालून जेवते, त्याला आपण हावरट म्हणत होतो. लांबून हाक मारली की डोळे बारीक करते, त्याला नखरे म्हणत होतो. सुईचं कौतुक तर गावभर करून झालं होतं.

तेव्हाच जाऊन धाकटीला सांगितलं असतं, तर गोष्ट तिथेच मिटली असती. धाकटी पलीकडच्या वाफ्यात पाठमोरी बसली होती, हाकेच्या अंतरावर. पण थोरलीच्या मनात वेगळंच आलं. आपणच न्यावं हिला. बुधवारी गाडीत बसवून नेऊ, डॉक्टरांना दाखवू, चष्मा लागत असेल तर लावून आणू. मग धाकटी विचारेल, हे कधी कळलं? आपण म्हणू, मला नाही कळणार तर कुणाला? बाईंनाही दिसेल मग, या घरात आई म्हणजे काय ते.

"भिंगरे, आपण दोघी गाडीत बसून जायचं का बाजाराच्या गावी? पण आईला सांगायचं नाही. आपली गंमत."

"का नाही सांगायचं?"

"सांगितली की गंमत संपते."

भिंगरीनं तोंडावर हात ठेवला आणि जोरजोरात मान हलवली.

बुधवार आला तोच काळं आभाळ घेऊन. थोरली आवरून उभी राहिली तेव्हा थोरला तिच्याकडे बघतच राहिला.

"आज बाजारात? डोकं ठिकाणावर आहे का? पाऊस येऊन ठेपलाय. काय काम आहे एवढं?"

काय काम ते सांगता येत नव्हतं. धाकटी शेजारीच पाट्या रचत होती.

"दाढ दुखतेय," थोरली म्हणाली.

"लवंग धर दाढेखाली."

लवंग दाढेखाली धरून तिनं दिवसभर कांदा कापला. पाऊस आला नाही. शनिवारी चाळ भरायला ट्रॅक्टर मिळाला, म्हणून धाकटीला शाळेत जाता आलं नाही, आणि थोरलीला बरं वाटल्याची तिची तिलाच लाज वाटली. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा ट्रॅक्टर आला. भिंगरी रोज कानात विचारायची, "गंमत कधी?" थोरली म्हणायची, "थांब ना जरा." ती शाळेच्या फाटकापासून लांबच पोरीला सोडायला लागली. बाई दिसल्या की डोक्याचं फडकं पुढे ओढायची.

निम्मा कांदा चाळीत गेला त्या शनिवारी बाईंनी सगळ्या घरांना शाळेत बोलावलं. आया, बाप, आजे, ज्याला यायचंय त्यानं यावं. गिरणीवाल्यानं बसायला ताडपत्र्या दिल्या, दुकानदारानं चहा-साखर दिली. थोरला आला नाही. थोरली यायची नव्हती, पण भिंगरीनं हात सोडला नाही. वर्गात मागच्या बाजूला बायका ओळीनं बसल्या. बऱ्याच जणी रानातून तशाच आल्या होत्या, डोक्याला फडकी बांधून. थोरलीचं फडकं हिरवं होतं. ती दाराच्या बाजूला, अगदी टोकाला बसली. धाकटी मात्र सगळ्यांच्या पुढे, लेकीला मांडीशी घेऊन. शनिवारच्या येण्याजाण्यानं आता तिला इथे सगळ्या ओळखत होत्या, आणि आपली पोर किती चुणचुणीत आहे हे तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

बाई व्हरांड्यात चहाचं बघत होत्या. वर्गात नुसता गलका. गिरणीवाल्याला गप्प बसवेना.

"टेम्पोवाल्याची पोरगी ना ही? आईनं लई कौतुक केलंय तुझं. वाच बघू बाळ, फळ्यावर काय लिहिलंय ते."

"वाच गं," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा आधीच फुलला होता.

फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आज आमच्या शाळेत आमच्या घरची माणसं आली आहेत.' भिंगरी उभी राहिली. डोळे बारीक केले. मग ठणठणीत आवाजात म्हणाली, "पाणी जपून वापरा. झाडांना पाणी घाला."

पोरं फुटली. ते कालचं होतं.

"पोरगी कालचा पेपर वाचतेय!" गिरणीवाला म्हणाला, आणि मग मोठी माणसंही हसली.

"नीट वाच," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली.

"पाणी जपून वापरा," भिंगरी पुन्हा म्हणाली. या वेळी हळू.

"घरी तोंड मिटत नाही, आणि इथे चार माणसांत नाटकं?" धाकटीच्या कानापर्यंत रक्त चढलं होतं. तिचा हात उठला. थोबाडीत बसल्याचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू गेला आणि हसणं तिथल्या तिथे थांबलं.

भिंगरी रडली नाही. गालावर हात धरून ती वळली आणि मागच्या ओळीत कुणाला तरी शोधायला लागली. तिची नजर बायकांवरून फिरली आणि खिडकीपाशी बसलेल्या शिंपिणीवर थांबली. शिंपिणीचं फडकंही हिरवंच होतं. त्या परक्या बाईकडे आशेनं बघत भिंगरीनं तोंडावर हात ठेवला आणि जोरजोरात मान हलवली.

थोरली उभी राहिली. आपण उभ्या कशा राहिलो ते तिला कळलं नाही.

"मी इकडे आहे, बाळा," ती म्हणाली. मग वर्गाकडे न बघता, त्या पोरीकडेच बघत म्हणाली, "तिला फळा दिसत नाही. बाईंनी मला सांगितलं होतं, डॉक्टरला दाखवा, आईला सांगा म्हणून. मी नाही सांगितलं. पोरीलाही सांगू दिलं नाही."

बाई चहाची थाळी घेऊन दारात उभ्या होत्या. का नाही सांगितलं, असं कुणीच विचारलं नाही. गिरणीवाला ताडपत्रीची कडा उगाच सरळ करत बसला. धाकटीनं लेकीचा हात धरला आणि थोरलीच्या अंगावरून, तिच्याकडे न बघता, ती बाहेर पडली.

काम कुणासाठी थांबत नाही. दुपारी दोघी पुन्हा समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये कांद्याचा ढीग. थोरल्याला काय झालं ते एव्हाना गावातून कळलं होतं. तो दोघींपासून लांब, चाळीकडेच राहिला. विळे चालत होते. शेवटी थोरलीच म्हणाली, "बोल काहीतरी. शिव्या दे."

धाकटीनं कापणं थांबवलं नाही.

"शिव्या देऊन काय होतंय? पोर तुमच्याकडे झोपते. मी पलीकडच्या खोलीत असते. तुम्ही गोष्ट सांगता, ती हसते, मला भिंतीतून ऐकू येतं. कुठली गोष्ट ते कळत नाही, नुसतं हसणं ऐकू येतं. तिला बोलता यायला लागल्यापासून ऐकतेय मी ते. कधी बोलले? म्हटलं, तुमच्यामुळे वाचली ती, तुमचा हक्क आहे. मला तो शनिवारचा तास मिळाला होता, जाऊबाई. आठवड्यातला एक तास. तिथे सगळे मला हिची आई म्हणायचे. तेवढाही बघवला नाही तुम्हाला?"

थोरलीच्या हातातली पात तशीच राहिली.

"आणि खरं सांगू का," धाकटीचा आवाज आता फाटला, "मला राग त्याचा नाही आला. तिनं मार खाल्ला, पण तुमचं नाव घेतलं नाही. माझ्यासाठी खाल्ला असता का तिनं असा मार? सांगा ना. खाल्ला असता?"

प्रश्न ऐकताच, सगळ्या शरमेच्या खाली, थोरलीच्या आत कुठेतरी सुख झालं होतं. ते सुख तिला दिसलं आणि तिला स्वतःची किळस आली. तिनं मान खाली घातली आणि पुढचा कांदा उचलला.

दिवस कलताना बाई आल्या. बांधावरच उभ्या राहिल्या, खाली उतरल्या नाहीत.

"चूक माझीही आहे," त्या थोरलीला म्हणाल्या. "रोज फाटकात तुम्हीच दिसत होता आणि मी आपली आईला सांगा, आईला सांगा करत राहिले. घर कसं चालतं ते विचारलंच नाही. दोघींनाही सांगायला हवं होतं."

"स्वतःची चूक काढू नका बाई," थोरली म्हणाली. "मग मला सोपं जाईल."

बुधवारी थोरल्यानं कुणाकडेही न बघता सांगितलं, "एकीनं पोरीला घेऊन जा, एकीनं थांबा. शेवटचा कांदा आहे आणि ढग बरे दिसत नाहीत." मग जरा थांबून बायकोला म्हणाला, "तूच ने. तुला सवय आहे तिची."

धाकटीनं विळा उचलला.

"तिची आई नेईल," थोरली म्हणाली. तोंडातून खडा काढून टाकावा तसा तिनं तो शब्द काढला.

दिवसभर मात्र तिचं मन गाडीतच होतं. आता खिडकीशी बसली असेल. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नये, हे धाकटीला सुचेल का? डॉक्टर विचारतील, लहानपणी काय आजार झाला होता, तर धाकटी काय सांगणार, गोवर कधी आला ते तिला कुठे आठवतंय? मग तिला आठवलं, गोवराच्या वेळी धाकटी रोज दाराशी येऊन उभी राहायची आणि आपणच तिला म्हणायचो, तू जा, रानात काम पडलंय. थोरली कापत राहिली. तिच्या बाजूला वाकडेतिकडे कापलेले कांदे पडत होते.

दुपारनंतर वारा सुटला आणि टपोरे थेंब पडायला लागले. ती आणि थोरला ताडपत्री ओढायला धावले, पण वाऱ्यानं ताडपत्री हातात राहीना. एक टोक धरलं की दुसरं उडायचं. तेवढ्यात बांधावरून शिंपीण आली, तिच्यामागून धापा टाकत गिरणीवाला.

"बाई म्हणाल्या, आज या घरचे दोन हात कमी आहेत," शिंपीण ओरडली. "कुठलं टोक धरू?"

चौघांनी मिळून ढीग झाकला. गिरणीवाला कडेवर दगड ठेवून वर स्वतःच बसला. "मी बसलो की वादळालासुद्धा हलवत नाही," म्हणाला. थोरली बोलायला गेली, तर त्यानंच हात वर केला. "त्या दिवशी माझीच जीभ सुटली होती. पोरगी चष्मा लावून आली, की आधी तिला माझ्या गिरणीच्या पाटीवरचं वाचायला लावतो, मग बघू कोण हसतं ते." कडेचा थोडा कांदा भिजला, बाकीचा वाचला.

मायलेकी परतल्या तेव्हा पाऊस उघडला होता. भिंगरीच्या नाकावर चष्मा होता आणि ती चक्क हळू चालत होती. पायरी बघून पाय टाकत होती, भिंत बघत होती, भिंतीवरची पाल बघून उभी राहत होती. थोरली चुलीपाशी बसली होती. पोर तिच्यासमोर येऊन थांबली आणि एकटक बघायला लागली.

"मोठीआई, तुझ्या तोंडावर एवढ्या रेघा आहेत?"

"कसल्या रेघा?"

"वहीत असतात तशा. खूप आहेत." तिनं मागे वळून बघितलं. "आईला नाहीत."

धाकटीनं तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून सुटलंच. थोरलीनं क्षणभर ओठ आवळले, आणि मग तीही हसली.

"तूच पाडल्यास गं त्या," ती म्हणाली. "आईच्या वाट्याला आता येतील."

धाकटीचं हसू हळूहळू थांबलं. ती चष्म्याची डबी हातात फिरवत राहिली. मग थोरलीकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, गोवर कधी आला होता. मला सांगता येईना. पुढच्या वेळी तुम्ही या बरोबर."

"येईन," थोरली म्हणाली.

जेवणं झाल्यावर थोरली उठली, आपल्या अंथरुणातली भिंगरीची उशी आणि पांघरूण उचललं, झटकलं आणि पलीकडच्या खोलीत धाकटीच्या शेजारी नेऊन घातलं. धाकटी बघत राहिली. थोरली परत आली. भांडी घासून झालेली होती. तिनं ती पुन्हा उतरवली आणि पुन्हा रचायला घेतली.

भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू येत होती. मग भिंगरी हसली. काय झालं, का हसली, ते इकडे कळत नव्हतं. थोरलीच्या हातातला तांब्या हातातच राहिला. असं ऐकू येतं तर. नुसतं हसणं.

थोड्या वेळानं धाकटीची हाक आली. "जाऊबाई, ही झोपत नाही. माझी गोष्ट तिला आवडेना. तुमचीच पाहिजे म्हणते. येता का इकडे?"

थोरली लगेच उठली नाही. तांब्यावर पेला ठेवला, पेल्यावर झाकण ठेवलं, पदराला हात पुसले. पलीकडे पोर कुरकुरायला लागली होती.

"जाऊबाई," धाकटीनं पुन्हा हाक मारली. "मलाही ऐकायचीय."

"आले," थोरली म्हणाली आणि दिवा उचलला.